साडेसातशे तासांचा हिशेब

"ताई, मी इकडे पार्लरचा कोर्स केलाय. अमेरिकेत तो चालेल का? आणि तिकडे यात पैसा किती आहे?" लग्न ठरलेल्या मुलींचे असे मेसेज मला सारखे येतात. एका ओळीत उत्तर देऊन भागत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी डॅलसजवळ प्लेनोला राहते आणि एस्थेटिशियन, म्हणजे फक्त त्वचेचं काम करणारी, म्हणून नोकरी करते, तेव्हा हिशेब टेक्ससचा आहे.

आपल्याकडे गुमास्ता काढला, फ्लेक्स लावला की पार्लर सुरू. इथे नुसत्या कोर्सवर भागत नाही, राज्याचं लायसन्स लागतं, आणि ते ब्यूटी स्कूलमध्ये शिकलेल्या तासांवर मिळतं. टेक्ससमध्ये केस, त्वचा, नखं असं सगळं करायचं असेल तर कॉस्मेटॉलॉजीचे १००० तास. पूर्वी ते १५०० होते. फक्त त्वचेचं काम, म्हणजे फेशियल, वॅक्सिंग वगैरे, करायचं तर ७५०. न्यू जर्सीत हेच आकडे १२०० आणि ६००. कॅलिफोर्नियात कॉस्मेटॉलॉजीला १६०० तास लागायचे, २०२२ पासून १००० झाले. म्हणजे नवऱ्याची नोकरी बदलून राज्य बदललं की तिथल्या लायसन्स देणाऱ्या मंडळाकडे पुन्हा कागद घेऊन जा, पुन्हा चौकशी करा. आयटी वाल्या घरात हे होणारच, हे धरून चला.

तास म्हणजे खरोखर घड्याळी तास. आमच्या वर्गाच्या दाराशी बोट टेकवायचं यंत्र होतं. जेवायला जाताना बोट, परत आल्यावर बोट. मूल आजारी पडलं, गाडी बंद पडली, तर ते तास नंतर भरून द्यायचे. त्यात कोर्स संपायची ठरलेली तारीख उलटली की बऱ्याच शाळा वरच्या तासांचे वेगळे पैसे लावतात. करारात ही ओळ बारीक अक्षरात असते, तीच आधी शोधा.

अर्धा कोर्स झाला की शाळेच्याच सलूनमध्ये गिऱ्हाइकं घ्यावी लागतात. बाहेरच्यापेक्षा दर कमी, त्यामुळे शनिवारी आजीबाईंची रांग. त्या पैसे शाळेला देतात, विद्यार्थिनीला मजुरी नाही. फार तर कुणी हातात पाच डॉलर ठेवतं. मला याचा राग यायचा, अजूनही येतो. फी आम्ही भरायची, कामही आम्हीच करायचं! पण हेही खरं, की वेगवेगळ्या रंगाच्या आणि पोताच्या त्वचेवर हात बसला तो तिथेच. गावाकडे गव्हाळ आणि सावळ्या कातडीपलीकडे मी काही पाहिलं नव्हतं. गोऱ्यापान, पातळ त्वचेवर वॅक्सची पट्टी आपल्या सवयीच्या जोरानं ओढली तर साल निघते.

आता पैसे. पूर्ण कॉस्मेटॉलॉजीची फी बऱ्याच खासगी शाळांत दहा हजार डॉलरच्या वर जाते, वीस हजारांच्या आसपासच्याही शाळा आहेत. सामानाची पेटी आणि पुस्तकं बहुतेक वेळा वेगळी. कम्युनिटी कॉलेजमध्ये हेच पुष्कळ स्वस्त पडतं, पण जागा कमी. खरा खर्च मात्र फीच्या पावतीवर दिसत नाही. हजार तास तुम्ही दुसरीकडे कुठे तासाला १५ डॉलरनं काम केलं असतं, तर पंधरा हजार मिळाले असते. ते फीत मिळवा, मग बोला. सरकारी मदत, म्हणजे पेल ग्रँट (फीसाठी मिळणारे, फेडावे न लागणारे पैसे) किंवा स्वस्त व्याजाचं कर्ज, ग्रीन कार्ड असल्याशिवाय बहुतेकांना मिळत नाही.

आणि मुली विचारायलाच विसरतात अशी गोष्ट: व्हिसा. एच-४ वर, म्हणजे एच-१बी वर नोकरी करणाऱ्याच्या बायकोला मिळतो त्या व्हिसावर, शिकता येतं, पण कमावता येत नाही. २०१५ पासून काही एच-४ बायकांना कामाचा परवाना मिळतो, तोही साधारणपणे नवऱ्याच्या ग्रीन कार्डच्या अर्जातला आय-१४० टप्पा मंजूर झाल्यावर. लायसन्स भिंतीवर टांगलेलं आणि काम करायची मुभा नाही, अशा दोघी माझ्या ओळखीत आहेत. तेव्हा आधी आय-१४०, मग शाळा.

कमाईकडे येते. सरकारी आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये हेअरड्रेसर आणि कॉस्मेटॉलॉजिस्टची मधली कमाई तासाला १७ डॉलरच्या आसपास होती. म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी. स्वतःचा धंदा करणारे त्यात धरलेले नाहीत. माझ्या सलूनमध्ये ८० डॉलरच्या फेशियलमागे मला ४५ टक्के, म्हणजे ३६ मिळतात, वर टिप बारा-पंधरा. चार फेशियल झाले तर दिवस चांगला. मंगळवारी एकच होतो, आणि मधला वेळ टॉवेल घड्या घालण्यात जातो.

खोली भाड्यानं घेऊन स्वतःचं करायचं म्हटलं, तर आमच्या भागात आठवड्याला तीनशे डॉलर सहज जातात. गिऱ्हाईक आलं नाही तरी जातात. त्यावर क्रीम, मेण, विमा, आणि स्वतःचा धंदा म्हणून १५.३ टक्के वेगळा कर. आरोग्य विमा तर कुणी देतच नाही. नवऱ्याच्या कंपनीचा असेल तर ठीक, नाहीतर हा धंदा पहिल्या वर्षी घर चालवत नाही. ज्या बायका चांगलं कमावतात त्यांच्याकडे तीच ती गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं येतात, आणि अशी माणसं जमायला दोन-तीन वर्षं लागतात. ती गिऱ्हाइकं शाळा देत नाही.

थ्रेडिंगचं मात्र टेक्ससमध्ये निराळं आहे, आणि आपल्या मुलींना ते कळायला हवं. पूर्वी नुसत्या दोऱ्यानं भुवया करायलाही ७५० तासांचं लायसन्स मागत, इन्स्पेक्टर येऊन दंड करत. २००९ मध्ये आशिष पटेल आणि इतर काही जणांनी राज्यावर दावा लावला. २६ जून २०१५ रोजी टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी तो त्यांच्या बाजूनं दिला. त्या तासांपैकी ३२० पर्यंत तासांचा दोऱ्याच्या कामाशी संबंध नाही, असं न्यायालयानं म्हटलं. ज्या कोर्सात दोरा धरायला शिकवणं सक्तीचंच नव्हतं, त्याच कोर्सचं लायसन्स दोरा धरणाऱ्यांकडे मागत होते! आता इथे थ्रेडिंगला लायसन्स लागत नाही. कॅलिफोर्नियातही ते कायद्यातून वगळलं आहे. बाकी राज्यांत आधी विचारून घ्या.

म्हणून इकडे येणाऱ्या मुलीला मी सांगते, की कामाचा परवाना हातात आला की आधी मॉलमधल्या एखाद्या थ्रेडिंगच्या दुकानात लाग. दहा-बारा डॉलरच्या भुवया, वर टिप. इंग्रजी सुटतं, गिऱ्हाइकं चेहऱ्यानं ओळखू लागतात, आणि "वॅक्सिंग करता का, फेशियल करता का" असं तीच विचारतात. तसं विचारणाऱ्या बऱ्याच झाल्या की ७५० तासांची फी भर. केस कापण्याची मनापासून आवड असेल तरच हजाराच्या वाटेला जा. आपल्या बायका इथे केस कापायला फार येत नाहीत, मुंबई-पुण्याच्या सुट्टीसाठी राखून ठेवतात.

शाळा बघायला जाल तेव्हा किती जणींनी कोर्स वेळेत पुरा केला आणि किती जणी परीक्षा पास झाल्या, ते लेखी मागा. आणि शनिवारी जा. त्यांच्या सलूनमध्ये शिक्षिका विद्यार्थिनींच्या खुर्चीशी उभ्या आहेत की ऑफिसात बसल्यात, ते बघून या.