तुम्ही विचारलंत म्हणून: आज्ञा पाळून काय मिळालं?

चर्चच्या उपासनेत मी साक्ष दिली, म्हणजे देवाबद्दलचा माझा अनुभव सांगितला, की बाहेर कुणीतरी हमखास विचारतं, "देवाची आज्ञा पाळलीत, मग देवानं काय दिलं?" तुमचा हेतू वाईट नसतो, हे कळतं मला. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या 28व्या अध्यायात आज्ञा पाळणाऱ्यांना सांगितलेले आशीर्वाद मीही वाचलेत. पण दरवेळी गुळमुळीत काहीतरी बोलून मी निसटतो आणि मग रात्री झोप येत नाही. आज एकदाच सगळं सांगतो.

बाबा गेल्यावर वाटणीत मी खोटं बोललो. "घर मलाच द्यायचं, असं बाबा म्हणाले होते," असं दादाला सांगितलं. बाबा तसं कधीच म्हणाले नव्हते. दादानं एक अक्षर न बोलता सही केली. पुढची अकरा वर्षं मी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर नि प्याला घेत राहिलो, रविवारी मुलांना शिकवत राहिलो. त्या घराच्या भाड्यातून दशांशही, म्हणजे देवासाठीचा दहावा हिस्साही, देत होतो. वेदीपाशी अर्पण आणलं आणि भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर आधी जाऊन समेट कर, हे मत्तयाच्या 5व्या अध्यायातलं येशूचं सांगणं मला पाठ होतं. माझी पळवाटही त्यातच होती. दादाच्या मनात माझ्याविरुद्ध काही नव्हतंच, कारण त्याला काही ठाऊकच नव्हतं.

मुलांना बायबलमधल्या शौल राजाची गोष्ट सांगताना ही पळवाट बुजली. शत्रू अमालेक्यांचं सगळं नष्ट कर, अशी देवाची आज्ञा असताना त्यानं त्यांची धष्टपुष्ट मेंढरं राखून ठेवली आणि म्हणे देवाला यज्ञ करायला! मग ही मेंढरं का ओरडताहेत, असं संदेष्टा शमुवेल विचारतो, तिथे माझा आवाजच फुटेना. माझा दशांश म्हणजे तीच मेंढरं होती.

त्याच आठवड्यात दादाकडे गेलो. त्यानं नेहमीसारखं पाणी दिलं, बस म्हणाला. मी सगळं सांगितलं, लुबाडलेलं चौपट परत करीन असं येशूला म्हणणाऱ्या जक्कयाचं नाव घेतलं, घर परत करतो म्हणालो. तो रागावेल, ओरडेल, याची मी तयारी करून गेलो होतो. तो बराच वेळ हातातल्या पेल्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे बाबांनी मला डावललं नव्हतं."

मी मान हलवली.

"अकरा वर्षं मी त्यांच्या कबरेवर गेलो नाही रे. मुलांपुढे त्यांचं नाव काढलं नाही. घर देशील तू, पण ती वर्षं कुठून आणशील? तुझं ओझं तू इथं उतरवलंस. मी कुठे उतरवू?"

आतल्या खोलीत वहिनी रडत होती. त्यानं मला दारापर्यंत सोडलं नाही.

तर हे मिळालं. पूर्वी बायबल अभ्यासात मीच ठासून सांगायचो, आज्ञा पाळा, परिणाम देवावर सोडा. तो मी आज समोर आला तर त्याला म्हणेन, हे वाक्य दादासमोर बसून बोलून दाखव. तो म्हणेल, दादाला दुखवलं ते तुझ्या खोट्यानं, आज्ञापालनानं नव्हे. खरं आहे. पण पहिल्याच वर्षी गेलो असतो तर? उशिरा पाळलेल्या आज्ञेला आज्ञापालन म्हणायचं का? की मला फक्त निवांत झोप हवी होती? इब्री लोकांस पत्राच्या 5व्या अध्यायात आहे की देवाचा पुत्र येशू जे सोसलं त्यातून आज्ञाधारकपणा शिकला. तिथे सोसणारा तो स्वतः होता. इथे शिकलो मी आणि सोसलं दादानं.

तरी पुन्हा जाल का, असं विचाराल तर हो, जाईन. न जाता प्रभुभोजनाचा प्याला हातात घेणं आता मला जमणार नाही. याला आशीर्वाद म्हणायचं असेल तर म्हणा, माझ्या तोंडून तो शब्द निघत नाही.

घराचे कागद मी तयार केलेत, दादा सही करत नाही. भाडं वेगळं ठेवतो. तो ते घेत नाही आणि त्यातून दशांश द्यायला माझा हात उचलत नाही. परवा वहिनीचा फोन आला होता. दादा कबरेवर जाऊन आला म्हणाली. माझा फोन तो अजून घेत नाही.