बारा वाजताचा शो

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ऑफिसातल्या मैत्रिणी, गल्लीतल्या पोरी, फोनवर पुण्याची मावसबहीण, सगळ्यांचं एकच असतं: "उन्हाळ्यात एवढे सिनेमे बघतेस, त्यातला खरंच चांगला कुठला होता? आणि जळगावच्या उन्हात थिएटरात जातेसच कशाला? थोड्या दिवसांत मोबाईलवर येतोच की."

२०२५चा उन्हाळा घ्या. एप्रिलमध्ये 'फुले' आला. जोतीरावांच्या जयंतीला, ११ एप्रिलला यायचा होता. सेन्सॉरनं सुचवलेले बदल आणि वाद यांत अडकून २५ तारखेला लागला. प्रतीक गांधीचं काम मला आवडलं, कुठंही आवाज चढवून भाषण नाही. पण सिनेमा घाईत आहे. एक प्रसंग मनात मुरायच्या आत पुढचा येतो. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण फेकलं गेलं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पडद्यावर मला त्या बाईजवळ अजून थोडं थांबायचं होतं.

'रेड २' मेच्या पहिल्या तारखेचा. २०१८च्या पहिल्या 'रेड'मध्ये सगळा खेळ एका वाड्यात होता, पैसा सापडतो की नाही यावर जीव टांगलेला. दुसऱ्यात पसारा वाढला आणि ती धाकधूक गेली. रितेश देशमुखचा गोडबोल्या खलनायक तेवढा लक्षात राहिला. मेच्या शेवटी आलेला 'एप्रिल मे ९९' हा कोकणातल्या सुट्टीचा सिनेमा. तो बघताना आमची सुट्टी आठवत होती: गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया, त्यांची राखण करायला बसवलेली आम्ही पोरं, रात्री त्याच गच्चीवर पाणी शिंपडून टाकलेल्या गाद्या. खानदेशातली ही सुट्टी कुणीतरी पडद्यावर आणावी, असं फार वाटतं.

पण माझा त्या उन्हाळ्याचा सिनेमा 'आता थांबायचं नाय!' हाच. तोही १ मेचाच. त्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, होती ३० एप्रिलला. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात. घागर भरली, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस झाला, निंबाला झोका बांधला. माझी धाकटी बहीण आली होती, गल्लीत आणखी सात-आठ माहेरवाशिणी होत्या. शनिवारी आम्ही दोघी बहिणी, आई आणि भाची अशा निघालो. मराठी सिनेमाला शो एकच, दुपारी बाराचा. संध्याकाळचे सगळे हिंदीला. पारा चव्वेचाळीसच्या आसपास, आईनं डोक्यावर पदर घेऊन पिशवीत कांदा टाकलेला. तिकीट खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "सहाच जण झालेत, दहा झाल्याशिवाय शो लागणार नाही." साडेबारापर्यंत उभं राहून आम्ही परतलो. मला खरंच रडू आलं. उन्हाचं काही नाही. मेच्या दुपारी बारा वाजता शो लावायचा आणि मग मराठी सिनेमाला माणसं येत नाहीत म्हणायचं, हा अन्याय आहे.

त्या रात्री बहीण घरोघर फिरली. रविवारी आम्ही चौदा जणी गेलो, तीन रिक्षा करून.

शिवराज वायचळचा हा पहिला सिनेमा. मुंबई महापालिकेतल्या चतुर्थ श्रेणी कामगारांनी रात्रशाळेत बसून दहावी केली, त्या खऱ्या घटनेवरचा. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव, दोघंही आपण हसण्यासाठी बघत आलेले. इथं त्यांनी हसू आणि शरम एकाच चेहऱ्यावर धरलीय. पोरांच्या वयाच्या शिक्षकासमोर बाकावर बसताना मोठ्या माणसाला काय होतं, ते त्यांच्या खांद्यांवरून कळतं. ओम भूतकरचा शिक्षक मला सगळ्यांत खरा वाटला.

आणि आता 'थिएटरात कशाला' याचं उत्तर. आमच्या रांगेत कुणी आठवीत शाळा सोडलेली, कुणी दहावीला गणितात राहिलेली. घरी या गोष्टी कुणी काढत नाही. तिथं, मध्यंतरानंतर, एकीनं नाक ओढलं, मग दुसरीनं. पलीकडच्या रांगेतल्या अनोळखी काका-काकूंचेही हात डोळ्यांकडे गेले. निकालाच्या वेळी कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्या हॉलनं धरली. मोबाईलवर हाच सिनेमा नंतर मी एकटीनं पुन्हा पाहिला. चांगला वाटला. पण मोबाईलवर आई माझ्या शेजारी नव्हती.

आई सातवी पास. तिच्या वडिलांनी पुढं पाठवलं नाही, कारण आठवीची शाळा तीन कोस लांब. संपूर्ण सिनेमाभर ती काही बोलली नाही, पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत-लावत होती. परतताना रिक्षात, गरम वारा तोंडावर येत असताना, माझ्याकडे न बघताच तिनं विचारलं, "तो सतरा नंबरना फॉर्म कोठे भेटस वं?"

शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावीला बसायला तो फॉर्म भरावा लागतो. शेजारच्या सुनेनं दोन वर्षांपूर्वी भरला होता, म्हणून आईला नाव ठाऊक. शाळा सोडल्याचा दाखला लागतो, असं मी सांगितलं. घरी आल्यावर तिनं पंखासुद्धा लावला नाही, आधी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली.