गणपतीच्या दोन दिवस आधी

५ सप्टेंबर २०२४, गुरुवार. सकाळी सव्वासातला फोन वाजला. काकूंचा आवाज रडवेला झाला होता. "भाऊ, खालच्या संडासातून घाण पाणी वर येतंय. परवा गणपती बसायचेत, बुधवारी गौरी जेवणार, चौदा पानं आहेत. टँकरवाल्याला सांगितलंय, तो दहाला येऊन टाकी पार रिकामी करून देतो म्हणाला. तुम्ही नुसते येऊन उभे राहा."

'पार रिकामी' हे ऐकलं आणि मी चहा तसाच ठेवून स्कूटर काढली.

वडोदऱ्यात घरोघरच्या पाइपांची आणि सेप्टिक टाक्यांची कामं मी सत्तावीस वर्षं करतोय. त्याआधी वडिलांच्या हाताखाली होतो. पण त्या आठवड्यासारखा आठवडा मी पाहिला नव्हता. ऑगस्टच्या अखेरीस, ऐन जन्माष्टमीला, पावसानं धरलं आणि विश्वामित्री नदी फुगली. काळा घोडा पुलाजवळ धोक्याची पातळी २६ फूट, पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. लोकांच्या अंगणात मगरी आल्या. पाणी ओसरल्यावर सगळे चिखल उपसायला लागले आणि चार-पाच दिवसांत माझा फोन थांबेना. रस्त्यावरचं पाणी ओसरलेलं डोळ्यांना दिसतं. जमिनीच्या पोटातलं ओसरायला कितीतरी जास्त दिवस लागतात, आणि ते कुणाला दिसत नाही.

काकूंचं घर वडसरच्या बाजूला. सोसायटी तीसेक वर्षांची, प्रत्येक बंगल्याची टाकी आपापली, मागे टाकीतलं पाणी जमिनीत जिरवणारा शोषखड्डा. इथले लोक त्याला खाळकुवो म्हणतात. मी पोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते आणि टँकर आधीच येऊन उभा होता. टाकीची दोन्ही झाकणं काढलेली, पाइप आत सोडलेला, पंप घरघरत होता. पहिल्या झाकणात बांबूची शिडी उतरवली होती आणि एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा बनियनवर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, एक पाय शिडीवर ठेवून वाकला होता.

मी जो ओरडलो, तो आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. मुलगा दचकून मागे सरला. टँकरवाला म्हणाला, "कशुं नथी थतुं, साहेब. रोजनुं काम छे." काही होत नाही म्हणे.

रोजचं काम आहे, हेच तर भय आहे. पंप वरचं पाणी ओढतो, पण तळाशी बसलेला घट्ट गाळ त्याला सहज येत नाही. वरून लांब दांड्यानं ढवळायचं, पाणी मारायचं, पुन्हा ओढायचं, यात तासभर जास्त जातो. एक पोरगा आत उतरवला की तो तास वाचतो. आणि गाळ ढवळला की त्यात कोंडलेला वायू एकदम सुटतो.

माझ्या पिशवीत चार वायू मोजणारा छोटा डिटेक्टर असतो. नायलॉनच्या दोरीला बांधून मी तो सगळ्यांसमोर टाकीत सोडला. अंगणात प्राणवायू २०.९ टक्के दाखवत होता. हातभर खाली गेल्यावर १८, आणखी खाली १६. तोवर तो किंचाळायला लागला होता, लाल दिवा लुकलुकत होता, आणि हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू ६० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत साठ भागांच्या, पुढे गेला होता. इशारा १० ला वाजतो. मी यंत्र वर ओढून त्या मुलाच्या हातात दिलं, तरी ते काही वेळ वाजतच राहिलं. तो ते एकटक बघत होता.

"वास तर येत नव्हता एवढा," तो हळूच म्हणाला.

मी त्याला तिथेच ओट्यावर बसवलं आणि सांगितलं, ते इथेही सांगतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तोवर नाक शाबूत असतं. शंभर पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं, आणि माणसाला वाटतं की वायू निघून गेला. जुनी माणसं कंदील सोडून बघायची, तेही करू नये. आत मिथेन असतो, भडका उडू शकतो. आपल्याच जिल्ह्यात, डभोई तालुक्यातल्या फर्तीकुई गावात, जून २०१९ मध्ये एका हॉटेलच्या टाकीत सात जण गेले. पहिला उतरला तो वर आला नाही. त्याला काढायला बाकीचे सफाईवाले उतरले, त्यांना काढायला हॉटेलमधले तिघं. सातातले सहा जण कुणाला तरी वाचवायलाच आत गेले होते. टाकीत माणूस पडला तर मागोमाग उडी घ्यायची नाही, अग्निशमन दलाला बोलवायचं. मन ऐकत नाही हे मला माहीत आहे, म्हणून तर पहिलाच माणूस आत जाता कामा नये.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांना मी माणसाकडून मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा सांगितला. संरक्षक साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवला तर उतरवून घेणाराही गुन्हेगार ठरतो, पहिल्या वेळेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या म्हणाल्या, "अहो, मला वाटलं आतमध्ये जायचीच पद्धत असते." हे मी किती घरांत ऐकलंय, त्याची गणतीच नाही.

शिडी बाहेर काढली. पंप बंद करायला सांगितला. टँकरवाला वैतागला, पण थांबला.

आता खरा प्रश्न, तुंबलं कुठे? मी आधी आतलं पाणी बघतो. टाकीतून बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तळाशी पाणी टेकलेलं असेल तर टाकी ठीक चालली आहे, आणि संडास तुंबत असेल तर दोष घर ते टाकी या पाइपात आहे. पाणी त्या पाइपाच्या वर चढलं असेल तर पुढे शोषखड्ड्यात घोटाळा आहे. आणि पाइपाच्या खाली गेलं असेल तर टाकीच फुटून झिरपतेय. इथे अर्धा तास पंप चालूनही पाणी पाइपाच्या वर वीतभर उभं होतं. कारण उघड होतं. टँकर ओढत होता तेवढंच पाणी शोषखड्ड्यातून उलटं टाकीत येत होतं.

पहारीनं शोषखड्ड्यापासून थोडं दूर एक खड्डा खणला, हातभर खोल. तोवर काकूंनी चहा आणला. चहा संपेपर्यंत खड्ड्यात पाणी जमलं आणि जमिनीच्या पातळीपासून वीतभर खाली येऊन थांबलं. म्हणजे ती अख्खी टाकी पाण्यात बुडालेली होती. मी फुटपट्टी लावून मापं घेतली. आतून लांबी २ मीटर, रुंदी ९० सेंटिमीटर, पाण्याची खोली १.४ मीटर. दहा माणसांच्या घराला भारतीय मानकात जेवढी सांगितली आहे तेवढीच, अडीच हजार लिटरची. ती रिकामी केली असती तर बाहेरचं पाणी किमान अडीच टनांचा जोर लावून तिला खालून वर ढकलत राहिलं असतं. प्लास्टिकची टाकी अशा वेळी जमीन फोडून वर येते. विटांची असेल तर तळ फुगतो नाहीतर बाजूची भिंत आत येते. पूर ओसरला की लोकांना वाटतं, सगळी घाण एकदाच उपसून टाकावी. ही भावना मला समजते, पण ओल्या जमिनीतली टाकी रिकामी करणं म्हणजे ती मोडून ठेवणं.

मग असं ठरवलं. टाकी आणि शोषखड्डा यांच्या मधे एक छोटं चेंबर होतं. तिथे बाहेरूनच पाइपाच्या तोंडात रबरी प्लग बसवून फुगवला, म्हणजे उलटं येणारं पाणी थांबलं. नंतर टँकरला निम्म्याच्या जरा कमी, हजार-बाराशे लिटर, ओढू दिलं. गाळ वरून दांड्यानं ढवळून जेवढा आला तेवढाच. बाकीचं वजन आत राहिलं म्हणून टाकी जागेवर राहिली. या जागेत चार दिवसांचं संडासाचं पाणी मावतं, त्यामुळे सोमवारी एक फेरी आणि मग गौरी उठल्यावर एक, असा हिशेब लावला. टँकरवाल्याला अर्ध्या मालाचे पूर्ण पैसे द्यायला मी काकूंना सांगितलं. त्याचं डिझेल आणि वेळ गेलाच होता, आणि ते कापले तर पुढच्या घरी तो पुन्हा शिडी लावेल.

काम चाललं असताना मी काकूंना विचारत होतो, हे अचानक झालं की आधीपासून काही दिसत होतं? आधी त्या "नाही हो" म्हणाल्या. मग एकेक आठवत गेलं. होळीच्या सुमारास खालच्या संडासात पाणी ओतलं की गुडगुड व्हायचं, वरच्या मजल्यावर काहीच नाही. एकच भांडं तुंबलं तर दोष त्या भांड्याचा, पण तळमजल्यावरचं सगळंच सावकाश उतरायला लागलं तर टाकीकडे बघायचं. संध्याकाळी मागच्या बाजूला वास यायचा. त्यांनी दर आठवड्याला बाटलीभर ॲसिड ओतलं. टाकीत घाण कुजवणारे जिवाणू असतात, त्यांच्यावर आठवड्याला विष पडत होतं. दोन वर्षांपूर्वी वॉशिंग मशीन घेतलं आणि मिस्त्रीनं त्याचं पाणी न्हाणीच्या गटारात न सोडता जवळ पडतं म्हणून संडासाच्या पाइपात जोडलं. धुण्याचं पाणी एकदम धाडकन टाकीत पडतं, बसलेला गाळ उसळून पुढच्या खड्ड्यात जातो. त्यात भर म्हणजे बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाचा टी, इंग्रजी T च्या आकाराचा जोड, गळून पडला होता. टी असला की वरची साय आणि खालचा गाळ दोन्ही अडतात आणि मधलं निवळ पाणी तेवढं पुढे जातं. तो नसल्यानं साय सरळ शोषखड्ड्यात जाऊन त्याची भोकं बुजवत होती. टाकी शेवटची कधी उपसली? काकांनी आठवून सांगितलं, नातीच्या बारशाआधी. नात आता नववीत आहे. दोन-तीन वर्षांनी उपसायची टाकी.

आणि मग मला अळू दिसलं. शोषखड्ड्यावरच, कमरेएवढं, पानं सुपासारखी.

"मे महिन्यातसुद्धा असंच हिरवंगार होतं," काकू कौतुकानं म्हणाल्या. "गौरीच्या नैवेद्याला यातलंच फदफदं करणार आहे."

वडोदऱ्याच्या मे महिन्यात, बाकी अंगण करपलेलं असताना, एकाच जागी अळू माजतं ते कशावर? खड्डा पाणी जिरवत नव्हता, वर सोडत होता. सगळ्यांत मोठी खूण ती होती, आणि घरातले सगळे रोज तिच्यावर खूश होत होते. मी ते अळू खाऊ नका म्हणालो तेव्हा काकूंचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटलं, पण चौदा माणसं जेवणार होती.

त्याहून मोठी काळजी बोअरची होती. शोषखड्ड्यापासून मी पावलं मोजली, अकरा भरली. मानक १८ मीटर सांगतं. मी पिशवीतली तपासणीची बाटली काढली. आत औषध लावलेली पट्टी असते, पाणी भरून ठेवायचं, मैल्यातले जिवाणू असले तर काळं पडतं. दुसऱ्या दिवशी, हरतालिकेच्या सकाळी, काकांचा फोन आला, "भाऊ, शाईसारखं झालंय." गणपतीच्या दहा दिवसांत त्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला बाहेरून आणलेलं पाणी, तेही खळखळून उकळून, असंच चाललं. उत्सवाला म्हणून आलेल्या लहान मुलांपैकी कुणाला काही झालं नाही, हे ऐकलं तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला. बोअरमध्ये क्लोरीन टाकून तो तपासून घेतला, तरी पिण्यासाठी वापरू नका असंच मी सांगितलं, आणि आजही सांगतो.

बाकीचं काम दिवाळीनंतर, जमीन वाळल्यावर. तेव्हा पुन्हा तसाच खड्डा खणून पाहिला, तो कोरडा राहिला. मग टाकी पूर्ण उपसली, टी वरून झाकणातूनच बसवला, मशीनचं पाणी वेगळं काढलं, शोषखड्डा बोअरपासून लांब, दुसऱ्या कोपऱ्यात नवा केला. टँकर तोच होता आणि मुलगाही तोच. पाइप सोडण्याआधी त्यानं आपण होऊन विचारलं, "साहेब, पेलुं मशीन लाव्या छो?" ते वायू मोजायचं यंत्र आणलंय का, असं.

काकांना मी गाळ मोजायला शिकवला. लांब बांबूला जुन्या पांढऱ्या धोतराचा पट्टा गुंडाळायचा, झाकणाच्या फटीतून तळापर्यंत हळू सोडायचा, दोन मिनिटं थांबून सरळ वर काढायचा. खाली जिथवर कापड काळं, तिथवर गाळ. पाण्याच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत काळं आलं की टँकरला फोन करायचा. काका निवृत्त सर्व्हेअर, त्यांना हे मनापासून आवडलं. मीटरच्या पेटीच्या दारावर आतून त्यांनी पेन्सिलीनं रकाने आखलेत, तारीख आणि इंच. पाडव्याच्या दिवशी गुढी उभारून झाल्यावर त्यांनी माप घेतलं आणि मला फोन करून सांगितलं, दोन इंच.