इलेक्ट्रॉनिक जॅझमध्ये नवं काही उरलंय का?

उरलंय, असं माझं ठाम मत आहे. फक्त ते सिंथच्या, म्हणजे सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याच्या, आवाजात शोधू नका. ते नवेपण जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकने १९७३ मध्येच 'हेड हंटर्स' या अल्बममध्ये दाखवून दिलं. त्यातल्या 'कॅमेलियन' या रचनेची ती बेसलाइन (खालच्या सुरांची धून) एआरपी ओडिसी सिंथवर वाजवलेली आहे. आज कुणी लॅपटॉपमधून तसाच जाडसर, गुबगुबीत आवाज काढला की ऐकायला छान वाटतं, नवं वाटत नाही.

माझा जीव अडकतो तो रचनेच्या पद्धतीत. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९७० च्या 'बिचेस ब्रू' या अल्बमसाठी निर्माता टिओ मॅसेरोने टेप कापली, जोडली, काही तुकडे पुन्हा वापरले. म्हणजे उत्स्फूर्त वादन आधी, रचना नंतर! ड्रमर मकाया मॅक्रेव्हनने २०१५ च्या 'इन द मोमेंट' या अल्बममध्ये हेच पुढे नेलं: श्रोत्यांसमोरच्या वादनाची ध्वनिमुद्रणं संगणकावर कापून, लूप करून (तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवून) त्यातून नव्या रचना घडवल्या. कुठे ड्रम हाताने वाजतोय आणि कुठे लूप फिरतोय, हे हेडफोन लावूनही मला दरवेळी ओळखता येत नाही, आणि त्यानेच मी वेडा होतो.

त्याहून धाडसी ट्रॉम्बोनवादक जॉर्ज लुइस. १९८० च्या दशकात त्याने घडवलेली 'व्हॉयेजर' ही संगणकप्रणाली समोरच्या वादकाचं ऐकते, त्याला उत्तर देते, कधी आपल्याच नादात वाजवत राहते. आजच्या कितीतरी तयार बीट्सपेक्षा मला ती ताजी वाटते. नवा सिंथ विकत घेण्याआधी तरुण वादकांनी तिचं एखादं ध्वनिमुद्रण जरूर ऐकावं.