सेव्ह मारलास काय?

दुपारी अडीचला लाइट गेली आणि दोन मिनिटांत आलीही. पंखा थांबला, पुन्हा फिरला, बोळात कुणीतरी "आली रं!" म्हणून ओरडलं, एवढंच. लॅपटॉपला यातलं काही कळलंही नाही, त्याच्या बॅटरीत तीन तास शिल्लक होते. तरी पंख्याचा आवाज उतरायला लागल्याबरोबर डाव्या हाताची करंगळी कंट्रोलवर आणि अनामिका एसवर, म्हणजे सेव्हच्या जोडीवर, जाऊन पोचली होती. टक, टक, टक. समोर उघडलेला कागद ब्राउझरमधला, अक्षरागणिक आपला आपण जतन होणारा. त्यानं कोपऱ्यात बारीक अक्षरांत सांगितलं, की सगळं आधीच ठेवलंय.

तीनदाच का, ते विचारू नये. कुलूप लावून पुन्हा ओढून बघणाऱ्या माणसाला आपण ओढण्याचा हिशेब मागतो का?

2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत ज्यांनी कोल्हापुरात कॉम्प्युटर हाताळला, त्यांच्या बोटांत हे कायमचं बसलंय. वेळापत्रकातल्या लाइट जाण्याची भीती नसायची, ती पेपरात छापून यायची. भीती वेळापत्रकाबाहेरची. टेबलाखाली 600 व्हीएचा यूपीएस, त्यात एकच बॅटरी, 12 व्होल्ट 7 अँपिअर-तासांची. म्हणजे कागदावर 84 वॅट-तास. ढोल्या मॉनिटरसकट तेव्हाचा पीसी दीडशेच्या आसपास वॅट खायचा, म्हणजे अर्धा तास मिळायला हवा. मिळायची दहा-बारा मिनिटं. बॅटरीवरचा आकडा ती वीस तासांत सावकाश रिकामी केली तरच खरा असतो. घाईनं ओढली की ती निम्म्यावर येते, वर इन्व्हर्टरचा स्वतःचा हिस्सा वेगळा. दोन-तीन उन्हाळे गेले की तीच बॅटरी चार मिनिटांवर, आणि मग एक दिवस 'टीं' करून थेट मान टाकायची. हिरवा दिवा मात्र शेवटपर्यंत लागलेला. म्हणून यूपीएस महिन्यातून एकदा भिंतीवरचं बटण बंद करून तपासायचा असतो. कोणीही तपासत नाही.

सायबर कॅफेतला तो क्षण आठवतोय ना? सगळे पडदे एकदम काळे, पंखे उतरत्या सुरात, आणि प्लायवूडच्या पलीकडून पहिला प्रश्न: "सेव्ह मारलास काय?" त्यानंतर जी शांतता पडायची, त्यातच उत्तर असायचं.

त्याही आधीच्या टीव्हीला लावायच्या गेममध्ये सेव्हची भानगडच नव्हती. पिवळी कॅसेट, वर '9999 इन 1' छापलेलं, आत खरे गेम वीस-पंचवीस, बाकीचे तेच, नाव बदलून. मारिओची आठ जगं, दर जगात चार टप्पे, एकूण 32, आणि सगळे एका बैठकीत. जेवायला हाक आली की पॉज करायचं, टीव्ही बंद करायचा, पण गेम चालू ठेवायचा. त्याचा लाल दिवा दिसू नये म्हणून वर वही पालथी घालायची. अ‍ॅडॉप्टर पापड भाजण्याइतका तापायचा. सातव्या जगात पोचलेला मारिओ वहीखाली काळोखात हवेत पाय उचलून थांबलेला, आणि इकडं आपण आमटी-भात भराभर गिळतोय. मग घरातलं कोणी तरी हात पुसत आत जायचं आणि बोर्डाजवळून आवाज यायचा, "हे बटण कुणी चालू ठेवलंय?" खट्.

दोष घरच्यांचा नव्हता, कॅसेटचा होता. आत नुसती वाचायची मेमरी, लिहायची सोयच नाही. जपानी मूळ कंपनीच्या काही कॅसेटांत त्यासाठी वेगळी रॅम चिप आणि तिला जगवायला 3 व्होल्टची बटणाएवढी बॅटरी असे. आपल्याकडच्या नकलांनी तो खर्च वाचवला. त्या अस्सल कॅसेटांच्या बॅटऱ्याही आता तीस-पस्तीस वर्षांत बसत चालल्यात. टाका उकलून नवी घालता येते, पण जुनी काढली की आतला सेव्ह गेलाच. तेव्हा आधी प्रत काढायची, मग सोल्डरिंग गन हातात घ्यायची.

आज तोच गेम रेट्रोआर्कवर, म्हणजे जुन्या गेम-यंत्रांची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरवर, खेळताना एफ2 दाबलं की ठेवलं, एफ4 दाबलं की परत तिथंच. त्या यंत्राची मुख्य मेमरी 2 किलोबाइट, चित्रासाठी आणखी 2. तेवढी, प्रोसेसरचे रजिस्टर आणि बाकीचं किडूकमिडूक उचलून फाइलीत टाकलं की क्षण पकडला. विज्ञानकथांतलं कालयंत्र इतकं स्वस्त होईल असं त्या लेखकांनाही वाटलं नसेल. घोळही अगदी विज्ञानकथेतलाच होतो. खड्ड्यात पडता पडता घाबरून एफ4 ऐवजी एफ2 दाबलं, की पडणारा मारिओच कायमचा जतन झाला. परत या, पडा, परत या, पडा. उपाय साधा, एकाच खणात ठेवायचं नाही. एफ6 आणि एफ7 नं खण बदलतात, दोन आलटून पालटून वापरायचे. आणि गेमला स्वतःचा सेव्ह असेल तर तोही करायचा, कारण एम्युलेटरची आवृत्ती बदलली की हे पकडलेले क्षण कधी कधी उघडतच नाहीत.

नेटहॅक मात्र हे लाड करत नाही. 1987 पासून चालत आलेला मुक्त स्रोत गेम, अक्षरांनी काढलेली भुयारं, आणि सेव्ह म्हणजे फक्त 'आता उठतो, उद्या बसू'. पुन्हा उघडला की सेव्हची फाइल तो स्वतःच पुसतो. मेलात तर मेलात. फाइलीची गुपचूप प्रत काढून ठेवणाऱ्यांना तिथली जुनी मंडळी पंक्तीत घेत नाहीत. पण तुम्ही मेलात ते ठिकाण, तुमच्या सामानासकट, गेम कधी कधी जपून ठेवतो, आणि पुढच्या डावात तुम्ही, किंवा त्याच मशीनवर खेळणारा दुसरा कोणी, त्या मजल्यावर पोचला की तिथं तुमचं भूत उभं असतं. सामान मिळतं, बहुतेक शापित असतं.

सवयीची खरी शिक्षा लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, मिळते. मोठा बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बनवायचं काम, चालू आहे, ओळी सरसर वर चालल्यात, लाइट लुकलुकते, बोटं आपोआप कंट्रोल-एसवर जातात. पडदा गोठतो. काही टाइप केलं तर उमटत नाही, एंटर दाबून फरक नाही. नवखा माणूस मशीन हँग झालं म्हणून खिडकी बंद करतो, आणि तिच्याबरोबर अर्ध्या तासाचा बिल्डही मरतो. वाचवायचं म्हणून दाबलेल्या बटणानंच काम घालवलेलं असतं. वास्तविक बिघडलेलं काहीच नसतं, कंट्रोल-क्यू दाबलं की थांबलेल्या ओळी धो धो येतात.

याचं मूळ टेलिटाइपमध्ये, म्हणजे तारेवरून आलेला मजकूर कागदावर छापणाऱ्या यंत्रात आहे. 1963 चं मॉडेल 33, सेकंदाला दहा अक्षरं छापणारं, कागदी पट्टीची भोकं वाचणारं. पलीकडच्या यंत्राला दम लागला की ते 19 क्रमांकाचं चिन्ह पाठवी, म्हणजे थांब. मोकळं झालं की 17 क्रमांकाचं, म्हणजे चालू दे. कंट्रोलबरोबर दाबलेलं अक्षर वर्णमालेतल्या आपल्या क्रमांकाचं चिन्ह पाठवतं. एस हे 19 वं अक्षर, क्यू 17 वं. टेलिटाइप भंगारात जाऊन जमाना झाला, निरोप अजून चालू आहे. म्हणजे या जोडीचा जुना अर्थ 'ठेव' नव्हे, 'थांब'. नको असेल तर घरच्या फोल्डरातल्या बॅशआरसी फाइलीच्या शेवटी एक ओळ घालायची: एसटीटीवाय, मग एक जागा सोडून, वजाचं चिन्ह जोडून आयएक्सऑन. नवं टर्मिनल उघडलं की बंधन सुटतं, आणि वर बक्षीस म्हणजे कंट्रोल-आरनं आज्ञांच्या इतिहासात मागं शोधताना कंट्रोल-एसनं पुढं येता येतं.

बरं, सेव्ह दाबलं म्हणजे ठेवलं गेलं, हेही पूर्ण खरं नाही. 2009 मध्ये ईएक्सटी4 ही लिनक्सची फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची व्यवस्था, नवी नवी वापरात येत होती, तेव्हा मशीन मधेच बंद पडलं की काही फाइली शून्य बाइटच्या निघायला लागल्या. नाव जागेवर, आत काही नाही. जुनी ईएक्सटी3 पाच-पाच सेकंदांनी माल डिस्कवर उतरवायची. नवी वेगासाठी जास्त वेळ हातात धरून बसायची, आणि नाव बदलण्याची नोंद आधी, मजकूर नंतर, असं व्हायचं. यावर दोन तट पडले. एक म्हणे फाइल सिस्टीम चुकली, दुसरा म्हणे प्रोग्रॅम लिहिणारे आळशी. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, पण ज्याची फाइल गेली त्याच्यासमोर मी ते बोलणार नाही. पुढं कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, दुरुस्ती आली. तरी प्रोग्रॅम लिहिताना रीत तीच पाळायची: मजकूर तात्पुरत्या नावाच्या नव्या फाइलीत लिहायचा, एफसिंकनं तो खरोखर डिस्कवर उतरवून घ्यायचा, आणि मगच जुन्याचं नाव तिला द्यायचं. पाण्याच्या दिवसाआड पाळीत वाढलेल्या कोणालाही हे शिकवावं लागू नये. नवी घागर भरल्याशिवाय जुनी ओतत नाहीत.

गिट हा कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्रॅम. गिटवाले सेव्हला सेव्ह म्हणत नाहीत, कमिट म्हणतात, आणि त्यांचा तोरा थोडा सहन करावा लागतो. पण एक गोष्ट तिथं फार सुरेख आहे. प्रत्येक कमिटमध्ये दोन नावं असतात, ज्यानं लिहिलं त्याचं वेगळं आणि ज्यानं नोंदवलं त्याचं वेगळं. बहुतेकदा दोन्हीकडं एकच माणूस. ही दोन नावं बघितली की हमखास आठवतात ते जयंत नारळीकर, 1938 साली याच कोल्हापुरात जन्मलेले. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. आद्याक्षरं उलटी केलेली: ज. वि. ना.चं ना. वि. ज. अक्षर ओळखीचं निघेल म्हणून कथा लिहून काढली त्यांच्या पत्नी मंगलाबाईंनी, आणि पहिलं बक्षीस मिळालं. लेखक एक, टोपणनाव दुसरं, नोंदवणारा हात तिसरा. गिट यायला तेव्हा 31 वर्षं होती.

गिटमध्ये वस्तू हरवायला कष्ट पडतात. चुकून मागं गेलात तर रिफ्लॉगमध्ये, म्हणजे गिटच्या हालचालींच्या वहीत, जुन्या वाटा सापडतात, सुटून पडलेल्या कमिटच्या 30 दिवस, बाकीच्या 90. पण एकदाही अ‍ॅड न केलेला, म्हणजे गिटच्या हवाली न केलेला, बदल हार्ड रीसेटखाली, म्हणजे सगळं जुन्या कमिटवर नेणाऱ्या आज्ञेखाली गेला, की तो गेलाच.

गिटचा कोड ऑनलाइन ठेवायची जागा असलेल्या गिटहबनं 2 फेब्रुवारी 2020 रोजीचा सार्वजनिक कोड फिल्मच्या 186 रिळांवर छापून उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरच्या बंद पडलेल्या कोळसा खाणीत हजार वर्षांसाठी ठेवलाय. ठेवोत. आपल्याकडं हिशेब पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरच्या पाण्याच्या पातळीवर होतो: 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी, हा बॅकअपचा नियम सगळ्यांना पाठ असतो. मात्र एक डिस्क शाहूपुरीत आणि दुसरी लक्ष्मीपुरीत तळमजल्यावर असेल, तर नदीच्या लेखी ती एकच जागा. 2019 च्या आणि 2021 च्या महापुरानं हे समजावून सांगितलंय.

आणि त्या सेव्हच्या बटणावरचं चित्र. साडेतीन इंची फ्लॉपी: 80 ट्रॅक, 2 बाजू, दर ट्रॅकला 18 सेक्टर, दर सेक्टरला 512 बाइट. गुणाकार 14,74,560. याला 1.44 एमबी म्हणतात, आणि एमबीच्या कुठल्याच व्याख्येत हे बसत नाही. प्रिन्स ऑफ पर्शियाचा कर्ता जॉर्डन मेकनर याच्या वडिलांना 2012 मध्ये घरातल्या कपाटात अशाच फ्लॉप्यांचा खोका सापडला, आणि 1989 च्या त्या गेमचा हरवलेला मूळ कोड त्यावर निघाला. वाचला गेला, सगळ्यांसाठी खुलाही झाला.

आपल्या कपाटांतल्या डब्यांनी इतके पावसाळे बघितलेत की तेवढी आशा नको. तरी डबी सापडलीच, तर फ्लॉपी लगेच ड्राइव्हमध्ये घालायची नाही. पत्र्याचा पडदा सरकवून आतली तपकिरी तबकडी उजेडात फिरवायची. पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी, ड्राइव्हच्या हेडला लागली तर पुढची फ्लॉपीही खराब करेल. आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ कापूस, हलका हात, आणि पूर्ण वाळू द्यायचं. कोपऱ्यातली खिडकी उघडी करायची, म्हणजे त्यावर चुकूनही लिहिलं जाणार नाही. मग यूएसबीचा ड्राइव्ह आणि डीडीरेस्क्यू हा खराब डिस्क वाचणारा प्रोग्रॅम, पूर्ण तबकडीची एकच फाइल. वाचता न आलेल्या जागी तो पुन्हा पुन्हा जातो, जाऊ द्यायचा. बहुतेकदा 'वाचता येत नाही' एवढंच हाती लागतं.

पण यातलं काहीही करण्याआधी वरच्या लेबलचा फोटो काढायचा. गोंद सुकलेला असतो, अल्कोहोलचा थेंब लागला तर बॉलपेनची शाई पसरते. 'पगार मार्च', 'लग्नपत्रिका फायनल', 'गेम (पुसू नये)'. ज्यांच्या अक्षरात हे लिहिलेलं आहे, ती माणसं विचारायला आता प्रत्येक घरात असतीलच असं नाही.