बावीस पॉईंट आणि एक काळा तुकडा

मिरजेच्या घराचं वायरिंग बाबांनी १९८४ साली करून घेतलेलं. लाकडी पट्टीवर क्लिपांनी ठोकलेल्या वायरी, काळे गोल स्विच, मीटरखाली चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजची जोडी. यंदा आईच्या खोलीत एसी घ्यायचा ठरला. लोड वाढवायला परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागत होता, आणि ते वायरिंग बघून कोणी सही करेना. मग सगळंच नवीन करायला घेतलं.

वायरमनदादांनी आकडा सांगितला, "बावीस पॉईंट होतील, ताई." मी घरभर फिरून सॉकेट मोजले तर नऊच. भांडायच्या तयारीत गेले, तेव्हा कळलं की दिव्याचा पॉईंट म्हणजे बोर्डातल्या स्विचपासून होल्डरपर्यंतची वायर, पाईप, स्विच, सगळं मिळून. मी हिशेबनीस आहे, पण ज्याचा दर ठरवायचा ती वस्तू काय, हे विचारायचं मलाही सुचलं नव्हतं.

सर्किटचंही तसंच. सगळे दिवे-पंखे एकाच एमसीबीवर (जास्त करंट गेला की आपोआप बंद पडणाऱ्या स्विचवर) घ्या, खर्च वाचेल, असं मी सुचवलं. दादांनी आयएस ७३२ चं, म्हणजे वायरिंगच्या भारतीय मानकाचं, नाव घेतलं आणि नकार दिला: दिवे, पंखे आणि ६ अँपिअरचे सॉकेट मिळून एका सर्किटवर दहाच पॉईंट, तेही ८०० वॅटपर्यंत. १६ अँपिअरचे सॉकेट एका सर्किटवर दोनच. जुन्या जोडीतला न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरचा, फ्यूज त्यांनी आधी उपटला. तो उडाला तर दिवा विझतो, पण होल्डरपर्यंत फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, जिवंतच राहतो.

खरी मजा आरसीसीबी बसवल्यावर झाली. "एमसीबी वायर जपतो, हा माणूस जपतो," दादा म्हणाले. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला नाही, ३० मिलिअँपिअरचा जरी फरक पडला, तरी हा पडतो, सप्लाय तोडतो. दिवे-पंखे चालू असेपर्यंत ठीक. आईने सकाळी गिझर लावला की खट्, सगळं घर बंद. गिझर बदलून पाहिला, तरी खट्. आईचं मत झालं की जुनं बरं होतं, निदान अंघोळ तरी व्हायची.

तिसऱ्या दिवशी दादा मेगर, म्हणजे वायरींचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र, घेऊन आले. मेन बंद करून न्यूट्रल आणि अर्थमध्ये लावला. किमान एक मेगाओहम दाखवायला हवा, काटा शून्यावर, म्हणजे दोन्ही कुठेतरी एकमेकांना चिकटलेले. मी विचारलं, "पण न्यूट्रल आणि अर्थ एकच ना? दोन्हीत शॉक नसतो." दादा माझ्याकडे नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "न्यूट्रल रोजचा कामावर जातो ताई. अर्थ फक्त अपघात झाला तर."

एकेक सर्किट सोडवत ते मागच्या दारी पोहोचले. वॉशिंग मशीनचा सॉकेट तेवढा आम्ही जुनाच ठेवला होता, चांगला होता म्हणून. झाकण काढल्यावर आत बोटाच्या पेराएवढा काळ्या वायरचा तुकडा, न्यूट्रलच्या पिनेपासून अर्थच्या पिनेपर्यंत. टोकाचं तांबं हिरवं पडलेलं. आईला लगेच आठवलं: मशीनला हात लावला की मुंग्या यायच्या, म्हणून एकाला बोलावलं होतं, त्याने पाच मिनिटांत थांबवल्या होत्या. अर्थिंग नव्हतंच, तर त्याने मशीनचा पत्रा न्यूट्रललाच जोडून दिला! मधे कुठे न्यूट्रल तुटला असता तर मशीनच्या पत्र्यात थेट फेज उतरला असता, आणि आई तिथे ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहते. आता त्याच पिनेला अर्थची नवी हिरवी वायर जोडल्यावर गिझरचा थोडा करंट अर्थमधून परत जायला लागला, तोच आरसीसीबी पकडत होता.

तुकडा काढला, काटा वर गेला, गिझर लावला. शांत.

बिलात तेविसावा पॉईंट लागला, मागच्या दाराच्या सॉकेटचा. मी घासाघीस केली नाही.