आमची वाटचाल : जुन्या फ्रिक्वेन्सींची पडताळणी

आमच्या व्यवसायाची सुरुवात वॉकीटॉकी आणि रिपीटर (संचाचा सिग्नल पकडून तो अधिक जोराने दूरवर पाठवणारे यंत्र) यांच्या दुरुस्तीपासून झाली. पोलीस, अग्निशमन व रुग्णवाहिका सेवांचे जुने संच बदलताना त्यांच्या फ्रिक्वेन्सींच्या याद्या आमच्यासमोर येत, आणि यांपैकी अजून वापरात किती, हे शोधणे हेच पुढे आमचे मुख्य काम झाले.

सुरुवातीच्या एका कामात आम्ही एक फ्रिक्वेन्सी आठवडाभर ऐकली, एकही शब्द कानी पडला नाही, म्हणून ‘वापरात नाही’ असा अहवाल दिला. प्रत्यक्षात ती रिपीटरशिवाय चालणारी अग्निशमनाची वाहिनी होती. आगीच्या जागी इमारतीत शिरलेले जवान आणि बाहेरचा अधिकारी यांच्यापुरतीच ती वापरली जाई. पाच वॅटच्या हातातल्या संचाचा आवाज दूरवरच्या आमच्या अँटेनापर्यंत पोहोचणारच नव्हता. एका अनुभवी वायरलेस ऑपरेटरने वेळीच चूक दाखवली. ती फ्रिक्वेन्सी दुसऱ्या कोणाला दिली गेली असती तर, हा विचार आजही अस्वस्थ करतो.

तेव्हापासून परवान्याची नोंद, प्रत्यक्ष मोजणी आणि वापरकर्त्या दलाकडे लेखी विचारणा, या तिन्ही गोष्टींशिवाय आम्ही निष्कर्ष काढत नाही. मोजणीत केवळ सिग्नलची तीव्रता, वेळ आणि कालावधी नोंदवतो, संभाषण नाही. जुन्या यादीतली वाहिनी साध्या रिसीव्हरवर नुसती घरघरली, तर तिथे डिजिटल संच आलेला असू शकतो. वाहिनीची रुंदी, म्हणजे तिने व्यापलेला फ्रिक्वेन्सींचा पट्टा, हीदेखील बदललेली असू शकते. अमेरिकेत १ जानेवारी २०१३ पर्यंत १५० ते १७४ मेगाहर्ट्झमधील जमिनीवरील खासगी व सार्वजनिक सुरक्षा सेवांना २५ ऐवजी १२.५ किलोहर्ट्झवर यावे लागले.

उलट फसगतही होते. एकदा मोजणीच्या उपकरणाच्या पडद्यावर एका बंद वाहिनीच्या जागी सिग्नल असल्यासारखी बारीक रेघ सतत उमटत होती. अँटेनाच्या तारेत दहा डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे येणारा सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा भाग, लावताच ती दहाऐवजी सुमारे तीस डेसिबलने खाली गेली. खरा सिग्नल दहानेच उतरला असता. ही रेघ जवळच्या दोन जोरदार प्रक्षेपकांच्या मिश्रणातून आमच्याच रिसीव्हरमध्ये तयार झाली होती.

आमच्या अहवालात ‘वापरात’ आणि ‘वापरात नाही’ यांच्याबरोबर ‘निश्चित सांगता येत नाही’ असा तिसरा रकाना असतो. तो काढून टाका, अशी मागणी ग्राहकांकडून अधूनमधून येते, पण आम्ही तो ठेवतोच.